दुसऱ्यासाठी टोचून घेतलेली सुई

(सोसायटीच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिकेच्या संपादकांनी हे भाषण लिहून मागितले. लिहिताना, बोलण्याच्या भरात राहून गेलेल्या काही गोष्टीही मी आत घातल्या आहेत. तेव्हा आपण सभेत समोरच बसला आहात असे समजून मी लिहितो आणि आपणही तसेच समजून वाचावे, ही विनंती.

प्रथमच सांगतो की मी डॉक्टर नाही. मराठी आणि इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. फ्लूच्या लशीवर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एवढेच की एका विद्यार्थ्याने वर्गात मला एक प्रश्न विचारला आणि त्या वेळी मला त्याचे उत्तर देता आले नाही. आज देतो आहे.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी नववीच्या मुलांना मुंबईच्या प्लेगची हकीकत सांगत होतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. गोदीजवळच्या मांडवी भागात तो प्रथम दिसला आणि बघता बघता निम्मे शहर ओस पडले. सरकारने वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला बोलावून घेतले. ओदेसात जन्मलेला हा ज्यू गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत रात्रंदिवस खपला आणि त्याने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक तयार होईनात. सुईत काय आहे कोणास ठाऊक, सरकारचा काही डाव असेल, अशा नाना शंका! अशा वेळी इस्माइली खोजा जमातीचे इमाम, तिसरे आगाखान, पुढे आले. त्यांचे वय विशीच्या आसपास, म्हणजे आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांएवढेच. त्यांनी जमातीच्या लोकांसमक्ष लस टोचून घेतली, एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि पुढे हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. आज परळला जी हाफकिन संस्था उभी आहे तिच्या इतिहासातले हे एक पान आहे.

मी हे सगळे अगदी रंगून सांगत होतो. पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, त्यांनी लोकांसाठी टोचून घेतली. तुम्ही फ्लूची घेतलीत का?"

वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. त्याच्या प्रश्नात टोमणा नव्हता हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला. त्याचे कारण सांगण्यासाठी मला पाच महिने मागे जावे लागेल.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. पाऊस कोसळत होता, चाचणी परीक्षा सुरू होत्या. मला रात्री थंडी वाजून ताप आला, अंग मोडून निघाले. सकाळी तापाची एक गोळी घेतली, रुमाल बांधला आणि शाळेत गेलो. दोन शिक्षक आधीच रजेवर होते, पर्यवेक्षणाला माणूस नव्हता. आणि खरे सांगायचे तर, ताप अंगावर काढून कामाला जाणे यात मला एक प्रकारचा मोठेपणाही वाटत असे. वर्गात साठ मुले. पावसाचे झोत आत येतात म्हणून खिडक्या बंद. तीन दिवस मी त्या वर्गात पर्यवेक्षण केले, मुलांच्या बाकांवर वाकून शंका सोडवल्या, खोकलो, शिंकलो. पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग गैरहजर. त्यांत हा मुलगाही होता. तो चार दिवसांत बरा झाला. पण त्याच्या घरी त्याचे नाना राहतात. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना. त्यांना ताप आला, तो छातीत उतरला, न्यूमोनिया झाला आणि दहा दिवस ते रुग्णालयात होते. अल्लाहच्या कृपेने घरी आले. परंतु पाच वेळा मशिदीची पायरी चढणारा तो माणूस आता घरातच खुर्चीवर बसून नमाज पढतो.

मी भेटायला गेलो होतो. त्यांनी मला पाहताच विचारले, "मास्तर, शाळा कशी चाललीय?" चहा झाला. मी काही बोललो नाही.

तो ताप माझ्याकडूनच त्या घरात गेला, हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. त्या दिवसांत गावभर ताप होता. तो एस.टी.तून गेला असेल, बाजारातून गेला असेल. पण माझ्याकडून गेला नाही, हेही मला सिद्ध करता येत नाही. नानांना घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले होते की पुढल्या पावसाळ्याच्या आत घरातल्या सर्वांनी फ्लूची लस घ्यावी. त्यामुळे त्या मुलाला हा शब्द ठाऊक झाला होता आणि म्हणून त्याने तो प्रश्न विचारला.

आता थोडी माहिती. आपण ज्याला सरसकट 'सर्दी-ताप' म्हणतो, त्या सगळ्याला फ्लू म्हणत नाहीत. साधी सर्दी नाकापुरती असते. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा. तो एकाएकी येतो. कडक ताप, कोरडा खोकला, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी. धडधाकट माणूस आठवडाभरात उठतो. पण अगदी लहान मूल, गरोदर स्त्री, म्हातारे माणूस, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेला माणूस, यांना तो आडवा करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या विकारांनी मरण पावतात. आपल्या भागात त्याचा जोर पावसाळ्यात असतो, आणि हिवाळ्याच्या अखेरीस पुन्हा एक लाट येते.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'मानमोडीचे साल' असा शब्द असे. ती १९१८ ची फ्लूची साथ. जूनमध्ये ती मुंबईच्या बंदरात उतरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने रौद्र रूप धारण केले. हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास, काही अभ्यासकांच्या मते त्याहूनही अधिक, माणसे गेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे एकच दशक आहे. आणि २००९ चा स्वाइन फ्लू तर आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीतला. त्याचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला, आणि तो एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. पुण्या-मुंबईच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

या रोगाची एक खोड मात्र नीट लक्षात घ्या, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. फ्लू झालेला माणूस ताप चढण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच तो पसरवू लागतो. म्हणजे आपण आजारी आहोत हे आपल्याला कळण्याच्या आधी आपण दुसऱ्याला आजारी पाडलेले असते. तेव्हा 'मी आजारी पडलो की घरी बसेन' हे बोलणे चांगले असले तरी पुरेसे नाही. तो एक दिवस निसटतोच.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ज्यांना लशीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यावरच तिचा परिणाम कमी होतो. म्हाताऱ्या शरीरात प्रतिकारशक्ती जोमाने तयार होत नाही. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ही लस देताच येत नाही. मग यांचे रक्षण कोणी करायचे? त्यांच्या भोवती जी माणसे वावरतात त्यांनी. घरातल्या नातवाने, सुनेने, आणि त्या नातवाला शिकवणाऱ्या मास्तराने.

ही नुसती कल्पना नाही. जपानमध्ये १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस देण्याचा मोठा कार्यक्रम होता. १९८७ मध्ये पालकांना नकार देण्याची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये तो कार्यक्रम बंद पडला. २००१ साली काही संशोधकांनी पन्नास वर्षांचे मृत्यूंचे आकडे तपासले. मुलांना लस दिली जात होती त्या काळात हिवाळ्यातले वृद्धांचे मृत्यू कमी झाले होते, आणि कार्यक्रम थांबल्यावर ते पुन्हा वाढले. सुमारे ४२० मुलांना लस दिल्यावर एक मृत्यू टळला, असा त्यांचा हिशेब आहे. हा आकडा इतका मोठा असेल का, याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. म्हणून कॅनडातला प्रयोग अधिक पक्का मानला जातो. तिथे हटराइट नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक स्वतःच्या वसाहती करून, सामुदायिक भोजनगृहात जेवून, एकत्र राहतात. २००८-०९ च्या हिवाळ्यात काही वसाहतींतल्या फक्त मुलांना फ्लूची लस दिली आणि काही वसाहतींतल्या मुलांना दुसऱ्याच रोगाची. मग ज्यांना कसलीच लस दिली नव्हती त्या माणसांवर नजर ठेवली. ज्या वसाहतींतल्या मुलांना फ्लूची लस मिळाली होती, तिथल्या लस न घेतलेल्या माणसांत फ्लूचे प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळले. सुई मुलाच्या दंडात, आणि संरक्षण आजीला!

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या बांगलादेशातले आहे आणि माताभगिनींनी ते विशेष ऐकावे. ढाक्यात २००४-०५ मध्ये ३४० गरोदर स्त्रियांवर अभ्यास झाला. ज्यांना फ्लूची लस दिली त्यांच्या नवजात बाळांत, पहिल्या सहा महिन्यांत, तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. बाळाला सुई टोचलीच नव्हती.

आता शंकांकडे वळतो. मेळाव्याच्या आधी काही पालकांशी बोललो तेव्हा त्यांनी त्या मोकळेपणाने सांगितल्या, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. शंका विचारणारा माणूस अडाणी असतो असे मी मानत नाही. गप्प बसून मुलाला मागल्या दाराने घेऊन जाणारा पालक मला जास्त भिववतो.

एक गृहस्थ म्हणाले, लस घेऊनही फ्लू होतोच की. खरे आहे. ज्या वर्षी लस आणि फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला बसतो, त्या वर्षीही संरक्षण साधारण ४० ते ६० टक्के मिळते. पोलिओच्या किंवा गोवराच्या लशीशी तिची तुलना करू नये. फ्लूचा विषाणू बहुरूप्यासारखा वेष पालटत राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना दर वर्षी फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात लशीचे घटक ठरवून देते आणि आपल्याला ती दर वर्षी घ्यावी लागते. छत्री असूनही कोकणच्या पावसात माणूस गुडघ्यापर्यंत भिजतो. म्हणून छत्री घरी ठेवून कोणी निघत नाही.

दुसरे म्हणाले, माझ्या मेव्हण्याला लस घेऊन ताप आला. येऊ शकतो. एक-दोन दिवस दंड दुखतो, कधी कणकण येते. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. तिने फ्लू होत नाही. दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला नसांचा एक गंभीर विकार होतो असे आढळले आहे. तेही मी लपवीत नाही. ज्यांना पूर्वी एखाद्या लशीची तीव्र ॲलर्जी झाली असेल त्यांनी डॉक्टरांना तसे आधी सांगितले पाहिजे.

मग हलाल-हरामचा प्रश्न. तो विचारायला लाजू नये. नाकात फवारण्याची फ्लूची एक लस परदेशात मुलांना देतात, तिच्यात डुकरापासून काढलेले जिलेटिन असते. इंग्लंडमधल्या मुस्लिम पालकांनी तो प्रश्न उपस्थित केला आणि ज्यांना ती नको होती त्यांच्या मुलांसाठी टोचण्याची दुसरी लस उपलब्ध झाली. आपल्याकडे दंडात टोचतात त्या लशीत सहसा जिलेटिन नसते. वेष्टणातल्या कागदावर घटक छापलेले असतात, डॉक्टरांकडून तो मागून वाचावा. १९९५ मध्ये कुवेत येथे शंभराहून अधिक उलेमांची व वैद्यकतज्ज्ञांची परिषद भरली होती. एखादा पदार्थ मूळ रूप पूर्ण पालटून नवाच पदार्थ झाला असेल तर त्याला जुना हुकूम लागू होत नाही, असा त्यांनी जिलेटिनच्या बाबतीत निर्वाळा दिला. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपल्या मौलानांना विचारावे. पण विचारावे! न विचारताच 'त्यात काहीतरी असते' म्हणून सोडून देऊ नये.

आणि तकदीर. 'जे लिहिले आहे ते टळत नाही', हे वाक्य आमच्या घरीही रोज उच्चारले जाते. मुलांनो, इस्लामी इतिहासातला एक प्रसंग तुम्हाला सांगतो. हजरत उमर शामकडे निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी त्यांना बातमी मिळाली की पुढे प्लेग आहे. त्यांनी लोकांचा सल्ला घेतला आणि परत फिरण्याचे ठरवले. हजरत अबू उबैदा यांनी विचारले की आपण अल्लाहने लिहिलेल्या तकदीरपासून पळता काय? तेव्हा हजरत उमर यांनी उंटाचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी आहे आणि दुसरी उजाड. उंट हिरव्या बाजूला चारलास तरी अल्लाहच्याच तकदीरने चारलास, उजाड बाजूला चारलास तरी त्याच्याच. अशा अर्थाचे ते बोलले. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी रसूलुल्लाह (स.अ.व.) यांची शिकवण सांगितली की जिथे प्लेग आहे तिथे जाऊ नये, आणि आपण असू तिथे तो उद्भवला तर तिथून पळून बाहेर पडू नये.

हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकला आहे. परंतु गेल्या वर्षी त्याच्या दोन भागांकडे मी प्रथमच वेगळे पाहिले. आत जाऊ नये, यात आपला स्वतःचा बचाव आहे. बाहेर पडू नये, यात मात्र आपला स्वतःचा फायदा काय? काहीच नाही. पळून जाणारा कदाचित वाचलाही असता. तो नियम बाहेरच्या गावांसाठी आहे, ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी. हे माझे शिक्षकाचे वाचन आहे, फतवा नव्हे. उलेमांनी चूक दाखवल्यास मी दुरुस्त करीन.

कोणी म्हणतात, ही टोचाटोची परकी विद्या आहे. देवीचा विकार आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत, हे सविस्तर लिहून ठेवणारा हकीम अल्-राझी आपलाच होता. आणि जेन्नरने १७९६ मध्ये देवीची लस शोधली, त्याच्या पाऊणशे वर्षे आधी लेडी मेरी माँटेग्यू ही इंग्रज बाई टोचण्याची जुनी रीत शिकली ती तुर्कस्तानात. सभेत बसलेल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या बाह्या जरा वर कराव्यात. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांच्यापैकी पुष्कळांच्या दंडावर देवी काढल्याचे वण दिसतील. त्या वणांमुळेच १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी उरला नाही. पोलिओच्या वेळी आपल्या समाजात काय काय अफवा उठल्या आणि उत्तर प्रदेशातल्या कित्येक वस्त्यांत दारे कशी बंद झाली, ते मी उगाळीत बसत नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया यांची माणसे दारोदार गेली, मशिदींतून आवाहने झाली, आणि १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. पण २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, तसेच भिवंडीत गोवराने आपली लहान लहान मुले दगावली, हे मात्र उगाळलेच पाहिजे. त्यांतल्या बहुतेकांची लस राहिली होती. वस्तीतली दाटी, कुपोषण, दवाखान्याची हेळसांड, सगळे खरे. पण गोवराची लस सरकार फुकट देते.

फ्लूची तशी नाही, आणि खरी अडचण इथे येते. आमच्या गावच्या दवाखान्यात मला एका इंजेक्शनचे सतराशे रुपये सांगितले. घरात आम्ही पाच माणसे. माझ्या पगाराचा आकडा इथे सांगत नाही. विनाअनुदानित तुकडीवर काम करणारे माझे सहकारी समोर बसले आहेत, त्यांना तो ठाऊक आहे. एका रात्री मी आणि माझी पत्नी वही घेऊन बसलो. पाच सतराशे साडेआठ हजार. ते शक्य नव्हते. मग कोणाला? दादीला दमा आहे, ती पहिली. भाभी सातव्या महिन्यात होती, ती दुसरी. राज्य शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना सरकारी रुग्णालयात ही लस मोफत देण्यास सुरुवात केली, असे एका आरोग्यसेविकेने सांगितले. साठा सगळीकडे, सदासर्वकाळ असतोच असे नाही; आम्हाला दोन हेलपाटे पडले, पण भाभीची लस झाली. आपणही आधी तिथे चौकशी करावी.

उरला प्रश्न माझा. मी चौतिशीतला निरोगी माणूस. मला फ्लू झाला तर चार दिवस अंथरुणात काढीन आणि उठेन. केवळ स्वतःपुरता विचार केला तर सतराशे रुपये वाचवणे शहाणपणाचे होते, असे मला आजही वाटते. पण मी दिवसाला दोनशे मुलांसमोर उभा राहतो, आणि ती दोनशे मुले संध्याकाळी दोनशे घरांत जातात. त्यांतल्या किती घरांत एखादे नाना असतील? हा हिशेब त्या वहीत मांडता येईना. पत्नी म्हणाली, "ईदचा शर्ट नका घेऊ." मी घेतला नाही.

ज्याला परवडत नाही त्याने कर्ज काढून लस घ्यावी, असे मी म्हणणार नाही. जो घेत नाही तो गुन्हेगार, असेही नाही. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. खोकला असेल तर रुमाल किंवा मास्क, आणि ताप असेल तर घरी राहणे. हज करून आलेल्या हाजीसाहेबांना भेटायला आपण सगळे जातो, गळाभेट घेतो, जमजम आणि खजूर घेऊन येतो. तिथल्या गर्दीतून आलेला खोकलाही पुष्कळदा बरोबर आणतो. साठी-पासष्टीच्या पुढच्या हजयात्रेकरूंनी मेंदूज्वराच्या लशीबरोबर फ्लूची लस घ्यावी, असा सल्ला दिला जातो. तो मनावर घ्यावा, आणि हाजीसाहेबांना चार दिवस विश्रांती घेऊ देऊन मग भेटायला जावे. भेट कमी प्रेमाची होणार नाही.

सोसायटीलाही एक नम्र सूचना आहे, आणि ती या व्यासपीठावरून करताना मला थोडा संकोच वाटतो. आजच्या बक्षीस-समारंभात 'शंभर टक्के हजेरी'चे पारितोषिक आहे. ते बक्षीस मीही शाळकरी वयात मिळवले होते. तापात फणफणत शाळेत जाऊन मिळवले होते. आई-वडिलांना त्याचे केवढे कौतुक! आता वाटते, त्या वर्षी माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या घरी काय झाले असेल, हे कोणी विचारलेच नाही. आजारपणाची चिठ्ठी आणणाऱ्या मुलाची हजेरी त्या बक्षिसासाठी कापली जाऊ नये, एवढा बदल कार्यकारी मंडळाने करावा. आणि शिक्षकाला ताप असेल तर रजा मागताना त्याला अपराध्यासारखे वाटू नये, हेही त्यात यावे.

लस पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत घेतलेली बरी, कारण शरीरात प्रतिकारशक्ती यायला सुमारे दोन आठवडे लागतात. रमजानमध्ये घ्यावी लागली तर इंजेक्शनने रोजा तुटत नाही असे अनेक उलेमांचे मत आहे. ज्यांना मनात किंतु वाटतो त्यांनी इफ्तारनंतर घ्यावी.

मी यंदा मे महिन्यात टोचून घेतली. दादीला बरोबर नेले होते. तिने बाहीची घडी वर केली, सुई झाल्यावर डॉक्टरांना किंमत विचारली, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. माझा दंड दोन दिवस दुखला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा दहावीत आला होता. मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात थांबवले आणि सांगितले, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. घेतली."

"दुखलं का, सर?"

"थोडंसं."

"नानांचंपण थोडंसंच दुखलं," तो म्हणाला. मग त्याने घरचा हिशेब सांगितला. नानांनी घेतली, अम्मीने घेतली, त्याने आणि बहिणीने घेतली. अब्बांची राहिली आहे. ते रिक्षा चालवतात, दवाखान्याच्या वेळेला त्यांचा धंद्याचा वेळ असतो.

पावसाळा सरला, तरी ती अजून राहिलेलीच आहे. हिवाळ्याच्या अखेरची लाट यायची आहे. ते आज सभेला आले आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत. मी त्यांना सांगितले आहे की येत्या रविवारी सकाळी मी रिक्षात बसतो, आपण दोघे जाऊ.